चाकाच्या तुंब्यात मोटार

आपल्या मराठीने ‘मोटार’ या शब्दाची मोठी गंमत करून ठेवली आहे. दारापुढे उभी राहते ती मोटार, आणि विहिरीवर पाणी उपसते तीही मोटार. मोटेची जागा मोटारीने घेतली हे वाक्य तर मी वर्गात अनुप्रासासाठी हटकून सांगते. त्यामुळे ‘मोटारीच्या चाकात मोटार’ असे कोणी म्हटले, की ऐकणाऱ्याला वाटते, बाईंची जीभ घसरली. पण आज ज्या वाहनांविषयी लिहायचे आहे त्यांच्या बाबतीत हेच वर्णन बिनचूक आहे. त्यांच्या नाकाडात, बॉनेटखाली, यंत्र नसतेच. बैलगाडीच्या चाकात जिथे लाकडी तुंबा असतो, ज्यात आरे येऊन मिळतात, नेमक्या त्या जागी विजेची मोटार बसवलेली असते. चाक म्हणजेच यंत्र. मधे दांडा नाही, दंतचक्रांची पेटी नाही, साखळी नाही.

या सदराचे नेहमीचे वाचक विचारतील, की म्हणी, वाक्प्रचार आणि मुलांची निबंधाची वही सोडून बाई यंत्रशाळेत कशा शिरल्या? त्याला कारण घरचे आहे. आमच्या घरी विजेची स्कूटर घ्यायची ठरली, आणि जो तो येऊन एकच गोष्ट वेगवेगळ्या सुरात सांगू लागला. एक म्हणे, चाकातली मोटार घ्या, बिघडायला काही नाहीच. दुसरा म्हणे, छे, चाकातली घेऊ नका, गाडी उसळते, वळणावर धरत नाही. दोघेही इतक्या खात्रीने बोलत, की दोघांपैकी एकालाही कारण ठाऊक नसावे अशी मला शंका आली. शेवटी चाकणच्या एका कारखान्यात काम करणाऱ्या माझ्या भाच्याला मी जेवायला बोलावले आणि पुरणपोळीच्या बदल्यात त्याच्याकडून सगळे समजावून घेतले. पुढे थोडे वाचलेही. त्यात सापडले ते असे.

ही कल्पना नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्हिएन्नात याकोब लोनर या नावाची बग्ग्या बनवणाऱ्यांची एक नामांकित पेढी होती. त्यांच्याकडे फर्डिनांड पोर्शे हा तरुण कामाला लागला. हेच ते पोर्शे, ज्यांच्या नावाच्या गाड्या पुढे श्रीमंतांच्या दारांत उभ्या राहिल्या. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात लोनर-पोर्शे गाडी मांडली गेली तेव्हा पोर्शेचे वय होते चोवीस वर्षांचे. तिच्या पुढच्या दोन चाकांच्या तुंब्यांत प्रत्येकी अडीच अश्वशक्तीची विजेची मोटार होती. एका भरणीत गाडी सुमारे पन्नास किलोमीटर जाई. लोकांनी तोंडात बोटे घातली. एका इंग्रज गिऱ्हाइकाने तर चारही चाकांत मोटारी असलेली गाडी बनवून घेतली. तिच्या बॅटऱ्यांचेच वजन अठराशे किलोच्या घरात गेले होते. पुढे पेट्रोल स्वस्त झाले, बॅटरी मात्र होती तितकीच जड राहिली, आणि विजेच्या गाड्यांबरोबर ही युक्तीही अडगळीत गेली. तुंब्यातल्या मोटारीचा खरा दोष तेव्हा कोणाला फारसा जाणवला नसावा, कारण तो दोष वेगाबरोबर वाढतो, आणि त्या गाड्या धावत होत्या बग्गीच्याच चालीने.

आता तो दोष कोणता, ते पाहू. त्यासाठी पुस्तक उघडायची गरज नाही, बैलगाडी आणि टांगा आठवला तरी पुरे.

बैलगाडीला कमानी नसतात. चाक धोंड्यावर चढले, की चाकाबरोबर आस उचलला जातो, आसाबरोबर साटा, साट्यावरची पोती आणि पोत्यांवर बसलेली आपण माणसे. सगळ्यांना एकदम वर जावे लागते आणि एकदम खाली आपटावे लागते. टांग्यात मधे पोलादी कमानी आल्या. चाक धोंड्यावर चढले, तर चाक आणि आस एवढेच वर जातात, कमान दबते, आणि वरची बैठक जवळजवळ जागच्या जागी राहते. म्हणजे कमान आली आणि वाहनाच्या वजनाचे दोन हिस्से पडले: एक कमानीवरचे वजन आणि दुसरे कमानीखालचे. मोटारगाडीत पाटे, गुंडाळीच्या स्प्रिंगा आणि शॉकअप आले तरी हिशेब तोच आहे. सांगाडा, आसने, बॅटरी आणि आपण सगळे वर. टायर, चाक, ब्रेक आणि त्यांना धरून ठेवणारे हात एवढे खाली. कमानीखालचे वजन जितके कमी तितके बरे, हा नियम गाड्या घडवणारे शंभर वर्षे पाठ म्हणत आले आहेत.

बरे का, ते समजायला सोपे आहे. ज्यांनी सह्याद्रीतले गड चढले आहेत त्यांना ठाऊक असते, की पाठीवरच्या पिशवीत किलोभर जास्त घातले तर फारसे कळत नाही, पण तेच किलोभर बुटांत आले तर पाय पावलागणिक तक्रार करतो. कारण पाठ एकसारखी चालते आणि पाऊल दर क्षणी उचलून ठेवावे लागते. चाक हे गाडीचे पाऊल आहे. हलके चाक खड्ड्यात चटकन उतरते आणि चटकन वर येते. कमान त्याला पुन्हा रस्त्यावर दाबून धरते. जड चाक आळशी असते. खड्डा आला तरी उतरायला वेळ लावते, आणि उंचवट्यावर एकदा वर निघाले की थांबायला वेळ लावते, उसळून क्षणभर हलके होते. रस्त्याला टायरचा जो भाग टेकतो तो जेमतेम तळहाताएवढा. त्या तळहाताची पकड किती, तर तो जितका दाबलेला असेल तितकी. दाब घटला की पकड घटली. त्या क्षणी ब्रेक दाबला किंवा सुकाणू वळवले, तर गाडी सांगितलेले अर्धेच ऐकते.

म्हणूनच हा केवळ कंबरदुखीचा प्रश्न नाही. घाटात उतरताना, वळणावर रस्ता उखडलेला असताना, गाडी आपण नेतो तिकडे जाणार की दरीकडे झुकणार, हा तो प्रश्न आहे.

थोडे आकडे देते, कारण आकड्यांशिवाय वाद मिटत नाहीत. लहान मोटारगाडीच्या एका कोपऱ्यातले कमानीखालचे वजन तीस-चाळीस किलोंच्या आसपास असते. ब्रिटनमधल्या प्रोटियन या कंपनीची चाकात बसणारी एक मोटार छत्तीस किलोंची आहे. जोर केवढा, तर क्षणभराला ८० किलोवॅट, म्हणजे शंभराहून थोडी अधिक अश्वशक्ती, आणि तीही एका चाकात! लोनरच्या गाडीच्या अडीच अश्वशक्तीपुढे हा चमत्कारच म्हणायचा. पण ती बसवली की कमानीखालचे वजन जवळजवळ दुप्पट झाले. गाडीचा सांगाडा कमानींवर सेकंदाला एक-दीड वेळा सावकाश डुलतो. चाक मात्र टायर आणि कमान यांच्यामध्ये सेकंदाला दहा-पंधरा वेळा थरथरते. वजन दुप्पट झाले की ही थरथर मंदावते: बारा वेळा होत असेल तर साडेआठ वेळांवर येते. मंदावली ते बरेच, असे कोणालाही वाटेल. पण इथेच मेख आहे. बसलेल्या माणसाच्या शरीराला उभा हादरा सर्वांत जास्त झोंबतो तो सेकंदाला चार ते आठ वेळा होणारा. म्हणजे थरथर मंद होऊन नेमकी आपल्या पोटा-पाठीच्या दुखऱ्या जागेशेजारी येऊन बसते. तिला आवरायला शॉकअप कडक करावा, तर बारीक खडीचे हादरेही वर येऊ लागतात.

एवढे ऐकून मी भाच्याला म्हटले, “मग निकाल लागला की! चाकातली मोटार वाईट.”

“थांब गं मावशी,” तो म्हणाला. “अजून अर्धीच बाजू ऐकली आहेस.”

प्रोटियनच्या मंडळींनी २०१०च्या सुमारास लोटस या प्रसिद्ध गाडीघराच्या तंत्रज्ञांकडून याची परीक्षा करून घेतली होती. फोर्ड फोकस ही साधी कुटुंबाची गाडी घेतली, प्रत्येक चाकाला तीस किलो वजन जोडले, आणि मापयंत्रांनी व कसलेल्या चालकांनी ती तपासली. फरक पडला, हे त्यांनी कबूल केले. पण तो लहान होता, सामान्य चालकाच्या ध्यानात येण्याजोगा नव्हता, आणि कमानी व शॉकअप यांची नेहमीची जुळवाजुळव करून भरून काढण्यासारखा होता, असा त्यांचा निष्कर्ष. आता ही परीक्षा मोटारी विकणाऱ्यांच्या घरच्या मांडवात झाली, हे ध्यानात ठेवायला हवे. शिवाय जिथे ती झाली तिथल्या रस्त्यांना आपण खड्ड्यांचे रस्ते म्हणणार नाही. तरीही निष्कर्ष खोटा म्हणण्याचे मला कारण दिसत नाही. शंभर वर्षांचा पाठ खराच आहे, पण तो पाठ म्हणणाऱ्यांनी त्याची थोडी अतिशयोक्ती केली, एवढेच म्हणता येईल. जपानच्या ब्रिजस्टोन कंपनीने तर चाकातली मोटारच स्वतंत्र कमानींवर टांगून पाहिली, म्हणजे मोटारीला चाकातल्या चाकात पाळणा! चाक एकीकडे उसळते तेव्हा मोटार तिच्या वजनाने त्याला उलट आवरते. युक्ती सुरेख, पण तिच्यासाठी लागणारे सांधे पाहून माझ्यासारखीला धडकीच भरते.

आता दुसरी बाजू. ती सांगायला पुन्हा बैलच लागतात.

बैलगाडीला सुकाणू नसते. तरी गाडीवान ती अरुंद बोळातून लीलया वळवतो. कशी? आतल्या बैलाची वेसण खेचतो आणि बाहेरच्या बैलाला टिचकारी देतो. बाहेरचा जोर लावतो, आतला रेटा आवरतो, आणि गाडी वळते. खळ्यावर मळणीला बैलांची पात धरलेली ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे आणखी स्पष्ट दिसेल. तिवड्याजवळचा बैल जागच्या जागी पावले टाकतो आणि सर्वांत बाहेरचा बिचारा धावत असतो. प्रत्येकाची चाल वेगळी, आणि म्हणूनच वर्तुळ सुबक.

आपल्या नेहमीच्या मोटारगाडीत मात्र एकच बैल आहे, आणि त्याचा जोर आसामधल्या डिफरन्शियलकडे जातो. हे डिफरन्शियल म्हणजे मोठे न्यायी पण डोळे मिटून वाटणी करणारे गृहस्थ. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त वेगाने फिरू देतात हे खरे, पण जोर दोघांना अगदी सारखा वाटतात. एक चाक चिखलात सापडून गरगर फिरू लागले, तर त्याला लागतो तेवढाच क्षुल्लक जोर दुसऱ्यालाही मिळतो, आणि कोरड्या जमिनीवर उभे असलेले ते चाक हात बांधून स्वस्थ बसते.

प्रत्येक चाकाला स्वतःची मोटार दिली की ही समसमान वाटणी संपते. वळणावर बाहेरच्या चाकाला थोडा जास्त रेटा, आतल्याला कमी, वाटल्यास उलटाही. गाडीचे नाक आपसूक आत वळते. पावसात गाडी वळणाबाहेर सरकू लागली, तर एका बाजूचा जोर वाढवून तिला परत ओळीत आणता येते. आणि हे सगळे किती झटपट! टोकियो विद्यापीठातले प्राध्यापक योइची होरी यांनी या शतकाच्या आरंभी निसानच्या ‘मार्च’ या लहानशा गाडीच्या चारही चाकांत मोटारी बसवून वर्षानुवर्षे प्रयोग केले. त्यांचे म्हणणे असे, की विजेच्या मोटारीला हुकूम दिल्यापासून तो अमलात येईपर्यंत सेकंदाचे काही हजारांश भाग लागतात. पेट्रोलचे इंजिन किंवा तेलाच्या दाबावर चालणारा ब्रेक यांना त्याच्या दहापट ते शंभरपट वेळ लागतो. शिवाय मोटारीत वीज किती जाते ते मोजले, की चाकाला किती जोर मिळाला ते तत्काळ कळते. म्हणजे चाक रस्त्याची बातमीही आणून देते. ते घसरू लागल्याचे चालकाच्या हाताला कळण्याआधी मोटारीला कळलेले असते, आणि तिने जोर आवरलेलाही असतो. पहिल्या पावसात रस्त्यावर तेलकट साय येते, झेब्राच्या पांढऱ्या पट्ट्यांवरून चाक सुळकन निसटते, तेव्हा हे काही हजारांश किती मोलाचे, ते दुचाकीवर मुलाला शाळेत सोडणाऱ्या कोणत्याही आईला विचारावे.

इथपर्यंत आल्यावर भांडणाचे दोन्ही पक्ष बरोबर वाटू लागतात. वजन म्हणते चाकात मोटार नको, ताबा म्हणतो हवी. पण मला या साऱ्या चर्चेत एक गफलत दिसते. ‘प्रत्येक चाकाला स्वतःची मोटार’ आणि ‘मोटार चाकाच्या आत’ या दोन गोष्टी एक नव्हेत. प्रत्येक मुलाला वेगळी वही हवी हे मान्य केले, म्हणून वही त्याच्या हाताला शिवायला हवी असे नाही! चार मोटारी सांगाड्यावर, कमानींच्या वर ठेवाव्यात आणि प्रत्येकीतून एक आखूड दांडा आपापल्या चाकाकडे न्यावा, की चार बैलांची टिचकारी मिळते आणि पाऊलही हलके राहते. अमेरिकेच्या रिव्हियन कंपनीने २०२१ साली चार मोटारींची अशी गाडी रस्त्यावर आणली. मर्सिडीझने २०२४ साली आपल्या चौकोनी ‘जी’ गाडीत तेच केले. ती गाडी मऊ मातीवर डावी चाके पुढे आणि उजवी मागे फिरवून, उभ्या जागी भोवऱ्यासारखी गिरकी घेते. ताब्याचा जो गुण चाकातल्या मोटारीच्या नावावर मांडला जातो, त्याचा बहुतेक हिस्सा चाकाबाहेरूनही मिळतो. दांडा मधे आला म्हणजे तो किंचित पिळला जातो आणि हुकूम पोचायला किंचित उशीर होतो, एवढाच काय तो तोटा.

मग चाकाच्या आत जाण्यात निराळा लाभ कोणता? जागा. दांडे गेले, मधली पेटी गेली, गाडीचे पोट रिकामे झाले. त्या बदल्यात मोटारीला नांदायचे कुठे, तर रस्त्यावरच्या सर्वांत वाईट शेजारात. चिखल, धूळ, गुडघाभर पाणी, शेजारी तापलेला ब्रेक आणि वर प्रत्येक खड्ड्याचा घाव. फिरणारा भाग आणि स्थिर भाग यांच्यात मिलिमीटरभराची फट असते. चाक खड्ड्यात आपटून वाकडे झाले तरी ती फट शाबूत राहायला हवी.

आणि एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, जिच्याविषयी विक्रेते सहसा बोलत नाहीत. आसावर एकच मोटार असेल आणि ती बंद पडली, तर दोन्ही चाके एकदम सुटतात आणि गाडी सरळ जात राहते. दोन चाकांत दोन मोटारी असतील आणि वेगात असताना एकीच्याच गुंडाळीत विजेचा बिघाड झाला, तर? या मोटारींत कायमचे चुंबक असतात. गुंडाळीची टोके एकमेकांना चिकटली, की मोटार ढकलायचे सोडून ओढून धरू लागते. एका बाजूला ब्रेक लागल्यासारखे होते आणि गाडी त्या बाजूला झेपावते. ज्या झटपटपणाचे आपण कौतुक केले तोच आता धोक्याचा. म्हणून अशा गाडीत एका चाकाचे दुखणे ओळखून समोरच्या चाकाचा जोर डोळ्याचे पाते लवायच्या आत आवरणारी व्यवस्था असावीच लागते. ती व्यवस्था किती विश्वासाची, यावर त्या गाडीची किंमत मी ठरवीन. गिरकीवर नव्हे.

याच्या अगदी उलट उदाहरण चंद्रावरचे आहे. ३१ जुलै १९७१ रोजी अपोलो-१५च्या डेव्हिड स्कॉट आणि जेम्स आयर्विन यांनी चंद्रावर पहिल्यांदा गाडी चालवली. तिच्या चारही चाकांना पाव-पाव अश्वशक्तीची स्वतंत्र मोटार होती, आणि पुढची व मागची दोन्ही चाके वळत. पहिल्याच फेरीला पुढचे वळण चालेना. दोघांनी मागच्या चाकांच्या वळणावर काम भागवले. एखाद्या चाकाची मोटार बिघडली असती, तर ते चाक मोकळे सोडून उरलेल्या तिघांवर परतता आले असते. गॅरेज जिथून पावणेचार लाख किलोमीटरवर आहे तिथे ही चार मोटारींची चैन नव्हती, तो शहाणपणा होता. पण वेग होता ताशी तेरा किलोमीटरच्या आसपास. त्या वेगाला गाडी झेपावली काय आणि न झेपावली काय!

पृथ्वीवर मोटारगाड्यांच्या बाबतीत या युक्तीचे नशीब अजून फळलेले नाही. मिशेलिनने २००८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात मोटार आणि कमान दोन्ही पोटात घेतलेले चाक मांडले. वाहवा झाली, पण घाऊक गाडी निघाली नाही. अमेरिकेत लॉर्डस्टाउन या कंपनीने चारही चाकांत मोटारी असलेला छोटा ट्रक २०२२ साली बनवायला घेतला आणि २०२३च्या जूनमध्ये दिवाळे जाहीर केले. त्या दिवाळ्याला इतर कारणेही पुष्कळ होती, सगळा दोष चाकावर टाकणे बरे नव्हे. २०२५ साली रेनोने मागच्या दोन चाकांत मोटारी असलेल्या, पाचशेहून अधिक अश्वशक्तीच्या एका शर्यती थाटाच्या गाडीची घोषणा केली. अशा फक्त १९८० गाड्या काढायच्या, आणि २०२७ पासून द्यायच्या, असा बेत. ती हौशी धनिकांची गोष्ट झाली, आपल्या वाचकांची नव्हे.

आपल्या वाचकांच्या दारी चाकातली मोटार आली आहे ती स्कूटरच्या रूपाने. २०२० साली आलेल्या टीव्हीएसच्या आयक्यूब स्कूटरची मोटार मागच्या चाकाच्या तुंब्यात होती. त्याआधी २०१८ साली आलेल्या ॲथर ४५०ची मोटार सांगाड्यावर आणि चाकाकडे पट्टा. बाजारात हे दोन पंथ पडले. आता वरचा हिशेब इथे लावून पाहा. स्कूटरचे एकच चाक ओढते. त्यामुळे आतला-बाहेरचा बैल ही भानगडच नाही. ताब्याच्या ज्या गुणासाठी चाकात मोटार घालावी तो इथे मिळतच नाही, वजनाचा दोष मात्र पुरेपूर मिळतो, कारण गाडीच मुळी शे-सव्वाशे किलोंची. लाभ वेगळाच आहे: पट्टा नाही, साखळी नाही, दंतचक्रे नाहीत, म्हणून झिजायला आणि कुरकुरायला काही नाही, आणि किंमतही त्या मानाने आवाक्यात. चाकातल्या मोटारीची स्कूटर स्वस्त, टिकाऊ आणि गुळगुळीत रस्त्यावर उत्तम, एवढे म्हणावे. ‘चालायला अधिक चांगली’ असे कोणी म्हटले तर मान डोलावू नये. जुन्या पिढीला सांगायला हवे, की व्हेस्पा आणि बजाजच्या स्कूटरचे इंजिनही मागच्या चाकालाच उजवीकडे जखडलेले असे आणि चाकाबरोबर वरखाली होई. म्हणजे कमानीखालच्या वजनावर बसून आपल्या वडिलांनी अख्खा संसार ओढला.

आमच्याकडे याची घरगुती परीक्षाही झाली. शेजाऱ्यांची पट्ट्याची स्कूटर आणि भाच्याची तुंब्यातल्या मोटारीची, अशा दोन्हींवर मागे माझ्या आईला बसवून आमच्या गल्लीतल्या खणलेल्या रस्त्यावरून नेले. आईचे वय शहात्तर, कंबर नाजूक, मत कणखर. उतरल्यावर म्हणाली, “खड्डा दोन्हीकडे लागला. पहिलीवर नुसते धप्प झाले. तुझ्या गाडीवर धप्प झाले आणि मग खुळखुळले.”

भाचा माझ्याकडे बघतच राहिला. कमानीखालच्या वजनाचे इतके नेटके वर्णन त्याला कॉलेजात कोणी सांगितले नव्हते. मग तो म्हणाला, “आजी, जरा थांब, टायरची हवा बघतो.” पंपावर नेऊन पाहिली, तर गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेल्यापेक्षा बरीच जास्त हवा भरलेली. ती योग्य मापावर आणली आणि आईला पुन्हा फिरवले. खुळखुळणे कमी झाले, पण गेले नाही.

“अरे, ही गाडी कॉलेजला जाणाऱ्या पोरीसाठी घेताय ना?” आई म्हणाली. “मग घ्या. मी रिक्षाने जाईन.” घरातला वाद तिथे मिटला. हवेचे माप मात्र मी लेकीच्या चावीच्या साखळीला कागदावर लिहून अडकवले आहे, कारण टायर हीच पहिली कमान, आणि ती दगडासारखी टणक केली तर पुढच्या साऱ्या जुळवाजुळवीवर पाणी पडते.

राहता राहिली बस, आणि तिथे मला ही युक्ती मनापासून पटते. सगळा खेळ प्रमाणाचा आहे. किती वजन कमानीखाली, यापेक्षा वरच्या वजनाशी त्याचे प्रमाण काय, हे महत्त्वाचे. भरलेल्या मोठ्या बसच्या मागच्या आसावर दहा टनांहून अधिक भार असतो आणि जोडटायरांची ती चाके मुळातच अवजड. तिथे मोटारीच्या वजनाने प्रमाण फारसे बिघडत नाही. बसचा वेगही बेताचा. उलट मोटारी दोन बाजूंच्या चाकांत गेल्या, की मधला अवजड आस आणि त्याचे पोट नाहीसे होते, आणि बसचा मजला मागच्या दारापर्यंत खाली आणता येतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला एका पायरीचे मोल काय, हे मी सांगायला नको. पुण्यात २०१९ पासून ऑलेक्ट्राच्या, चीनच्या बीवायडी कंपनीच्या तंत्रावर बांधलेल्या विजेच्या बस धावू लागल्या. त्या जातीच्या बसमध्ये मोटारी मागच्या चाकांपाशी असतात. भाच्याने हे सांगितल्यावर एकदा मी मुद्दाम मागच्या चाकावरच्या सीटवर बसून कॉलेजला गेले. आईच्या शब्दांत सांगायचे तर धप्प झाले, खुळखुळले नाही. आईला ते सांगितले, पण ती अजून ड्रायव्हरच्या मागचीच सीट धरते.